जाशीला, खरं माघारी कसं येशीला? : कोल्हापुरातून पहिल्यांदा कॅम्पिंगला निघताना पावसाचा हिशेब

जुलैतला शनिवार होता. कोल्हापुरात सकाळी चक्क ऊन पडलं होतं. दोन गाड्या, सात मोठी माणसं, तीन पोरं, मागं तंबू आणि पातेली असा लवाजमा घेऊन आम्ही गगनबावड्याच्या वाटेला लागलो. वाटेवरच्या कळे गावात चहाला थांबलो. टपरीवरच्या मावशींनी गाडीच्या टपावरचं सामान बघितलं आणि विचारलं, "कुठं निघालायसा?" गगनबावडा म्हटल्यावर कपात चहा ओतता ओतता त्या म्हणाल्या, "जाशीला, खरं माघारी कसं येशीला? मांडुकलीत पाणी रस्त्याला लागाय आलंय."

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. आमच्यातल्या एका मित्राची आई सोबत होती. तिच्या साखरेच्या गोळ्या रविवार सकाळपर्यंतच पुरणार होत्या. आम्ही तिथूनच गाड्या फिरवल्या. संध्याकाळी तो रस्ता बंद झाला आणि पुढं दोन दिवस उघडला नाही.

नोव्हेंबरात त्याच वाटेनं पुन्हा गेलो, तेव्हा मांडुकलीजवळच्या झुडपांत गाडीच्या खिडकीएवढ्या उंचीवर पुराचा वाळका कचरा अडकून राहिलेला दिसला. पोरांना तो दाखवला. त्या दिवसापासून बेत ठरवताना मी एकच प्रश्न आधी विचारतो : माघारी कसं यायचं? ठिकाण कितीही सुंदर असो, परतीची वाट खात्रीची नसेल तर बेत बदलायचा. हा लेख पहिल्यांदा तंबू घेऊन निघणाऱ्यांसाठी आहे. बेत बदलायचा कधी, कुठं आणि कसा, ते अनुभवातून आलेल्या क्रमानं सांगतो.

१. आधी पाऊस ओळखा

आपल्या जिल्ह्यात सरसकट 'पाऊस' असा काही नसतो. गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, पूर्वेला शिरोळकडं त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. मधलं अंतर गाडीनं जेमतेम अडीच तासांचं. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढं सगळा पर्यायी बेत यावरच उभा राहतो.

जुलैतला पाऊस, म्हणजे तरणा आणि म्हातारा पाऊस, दिवसरात्र लागून असतो. या महिन्यात राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या डोंगरपट्ट्यात तंबूत राहायचा विचार नवख्यांनी करूच नये. दिवसा जाऊन धबधबा बघून उजेडात घरी या. दाजीपूरचं अभयारण्य तर पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंदच असतं.

एप्रिल-मेमधला वळीव वेगळा. सकाळ निरभ्र, दुपारी अंग चिकट करणारा उकाडा, तीन-चारच्या सुमाराला ढग उभे चढतात आणि मग वावटळ, विजा, कधी गारा. तासाभरात खेळ आटोपतो, पण त्या तासात तंबू फाटतो. ऑक्टोबरातला परतीचा पाऊसही असाच दुपारनंतर गडगडत येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा कॅम्पिंगचा हंगाम. तेव्हाही समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की अवकाळी गाठतोच. त्याची वार्ता दोन-तीन दिवस आधी लागते, त्यामुळं तो त्यातल्या त्यात सोयीचा.

२. एका सहलीचे तीन बेत लिहा

तोंडी नको, कागदावर किंवा ग्रुपवर लिहा. पहिला बेत तुमच्या मनातला. दुसरा पूर्वेकडचा, कमी पावसाचा. तिसरा छपराखालचा. तिन्ही बेत सगळ्यांनी आधी वाचलेले असले की आयत्या वेळी कुणाचा हिरमोड होत नाही. आम्ही पोरांना दुसरा बेतसुद्धा पहिल्याइतकाच रंगवून सांगतो.

उदाहरण देतो. पहिला बेत : आंबा घाटाच्या अलीकडं एखाद्या माहितीतल्या कॅम्पवर मुक्काम. दुसरा : हातकणंगले तालुक्यात पाहुण्यांच्या मळ्यात तंबू, सकाळी आळत्याजवळचं रामलिंग आणि कुंभोजचा बाहुबलीचा डोंगर. तिसरा : कोल्हापुरातच राहून कणेरी मठाचं ग्रामजीवनाचं संग्रहालय आणि रात्री गच्चीवरच्या पत्र्याखाली तंबू.

मळ्यातला मुक्काम नवख्यांनी एकदा तरी करावा, पाऊस असो वा नसो. मोटारीची खोली जवळ असते, पाणी असतं, रात्री अडचण आली तर हाकेच्या अंतरावर माणूस असतं. हिवाळ्यात जवळ गुऱ्हाळ चालू असेल तर पोरांना दुसरं काही लागतच नाही. फक्त ओढ्याकाठचा मळा नको. काळी माती असेल तर गाडी डांबरी रस्त्यावरच लावा. काळ्या रानात एक सर पडली की चाक जागेवर फिरत बसतं आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

पूर्वेकडं एक सावधगिरी मात्र हवी. खिद्रापूर आणि नृसिंहवाडी कमी पावसाच्या भागात असली तरी कृष्णेच्या काठावर आहेत. तिथं ऊन असतानाही वरच्या पावसानं नदी चढते. कोपेश्वराच्या मंदिरातल्या ४८ खांबांच्या स्वर्गमंडपाखाली उभं राहून वरच्या गोल झरोक्यातून आभाळ बघणं फार सुंदर आहे, पण ते नदी शांत असताना.

३. अंदाज तीनदा बघा

तीन दिवस आधी, आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या सकाळी. भारतीय हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघा. त्यात कोल्हापूरच्या घाटक्षेत्राचा इशारा वेगळा येतो, नवखे तो बघत नाहीत. जिल्ह्याला पिवळा आणि घाटाला नारंगी असं अनेकदा असतं. तुम्ही जाणार घाटाकडं, तेव्हा तुमच्यासाठी नारंगीच धरायचा.

रंगांचा अर्थ सोपा आहे : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगतो, २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की महसूल खातं त्याला अतिवृष्टी धरतं.

माझा नियम असा. घाटाला लाल असेल तर पश्चिमेकडचा बेत रद्द, चर्चा नाही. नारंगी असेल तर दुसरा बेत. पिवळा असेल तर निघायचं, पण पुढं सांगतो ते माघारीचं ठिकाण ठरवूनच.

पावसाळ्यात याच्या जोडीला नदीची पातळी बघा. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ती ५५ फुटांच्या वर गेली होती आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद पडला होता. इशारा पातळीची वाट बघायचीही गरज नाही. पातळी ताशी वाढते आहे की उतरते आहे, हे जास्त महत्त्वाचं. शनिवारी वाढणारी नदी रविवारी तुमची वाट अडवते.

आणखी एक आपली खूण : राधानगरी धरणाचे दरवाजे. ते स्वयंचलित आहेत, धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. सात दरवाजे, एकेकातून १४२८ क्युसेक पाणी भोगावती नदीत येतं. दरवाजे उघडल्याची बातमी आली की खालचा नदीकाठ टाळायचा, डोक्यावर ऊन असलं तरी.

४. माघारीचं ठिकाण आणि वेळ आधीच ठरवा

सगळ्यात जास्त घोटाळा इथं होतो. माणूस पंचावन्नातले चाळीस किलोमीटर गेला की उरलेल्या पंधरासाठी हट्टाला पेटतो. 'आलोच आहोत तर' हे शब्द गाडीत कुणी उच्चारले की समजा, निर्णय घ्यायची जागा मागं राहिली. म्हणून ती घरीच ठरवायची.

गगनबावड्याच्या वाटेवर माझं ठिकाण कळे. तिथं थांबून पुढची खबर काढल्याशिवाय मी पुढं जात नाही, कारण कुंभी नदीचं पाणी त्याच्या पुढं रस्त्याला लागतं. पन्हाळा-आंब्याच्या वाटेवर केर्ली. अलीकडं आंबेवाडीजवळ रेडेडोह आहे. 'रेडेडोह फुटला' असं कोल्हापूरकर म्हणतात, त्याचा अर्थ पंचगंगेचं पाणी पात्र सोडून त्या रस्त्याकडं निघालं. ही बातमी तुम्ही पन्हाळ्यावर असताना आली तर चहा अर्धा टाकून निघा. राधानगरी-फोंड्याच्या वाटेवर राधानगरी गाव. तिथून पुढं दाजीपूरचं जंगल, मोबाईलला रेंज कमी आणि धुक्यात रस्त्यावर गवे.

खबर कुणाला विचारायची? समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाला, दूध गोळा करणाऱ्या टेम्पोवाल्याला, टपरीवर. ही माणसं रोज त्या वाटेनं जातात. मोबाईलवरच्या नकाशाला रस्ता मोकळा दिसतो, कारण बंद रस्त्यावर गाड्याच नसतात. आणि प्रश्न नीट विचारा. "रस्ता चालू आहे का?" याला "हाय की" असं उत्तर येतं, ते त्या घटकेपुरतं खरंही असतं. "उद्या दुपारी माघारी येता येईल का?" असं विचारा, म्हणजे समोरचा थांबून विचार करतो.

वेळेचा नियम : दुपारी तीनपर्यंत मुक्कामाला पोहोचणार नसू तर पुढं जायचं नाही. नवख्यांना तंबू उभा करायला तासभर लागतो, आणि वळीव-परतीचा पाऊस नेमका त्यानंतर गाठतो.

निर्णय एकाच माणसाचा असावा. कोण, ते निघायच्या आधी ठरवा. आमच्यात गाडी चालवणारा हा निर्णय घेत नाही, कारण त्याला पोहोचायची घाई असते. शेजारी बसणारा घेतो. त्यानं 'फिरवा' म्हटलं की वाद घरी गेल्यावर.

५. कॅम्पवाल्याला वेळेवर फोन करा

आदल्या दिवशी दुपारच्या आत. आपल्याकडचे बरेच कॅम्प म्हणजे एखादं शेतकरी कुटुंब असतं. तुमच्यासाठी त्यांनी कोंबडी, भाजी, सरपण आणून ठेवलेलं असतं. "पैसे परत द्या" म्हणण्याआधी "तारीख पुढं सरकवता येईल का?" असं विचारा. बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात. बुकिंग करतानाच हे बोलून घेतलं तर उत्तम.

मालक पैशासाठी "या हो, काही होत नाही" म्हणत असेल तर मात्र मनाचं ऐका. एका ठिकाणी आम्ही असं ऐकून गेलो. ते जून महिन्याच्या तोंडाशी, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर होतं. रात्री दोनला वारा सुटला आणि पाणी तंबूपासून दहा पावलांवर आलं. अंधारात तीन तंबू ओढत वर नेले. तेव्हापासून धरणाच्या पाण्याच्या काठावर तंबू नको म्हणजे नको. काठावर जुन्या पाण्याची रेघ दिसते, वाळक्या काटक्यांची. तिच्या बऱ्याच वर जागा घ्या.

६. वाटेत पाऊस गाठला तर

पुलावरून किंवा मोरीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी बाजूला ढकलू शकतं, आणि खाली रस्ता शिल्लक आहे की नाही हे वरून कळत नाही. पुढची जीप गेली म्हणून आपणही जायचं नाही.

आपल्या भागात याला जोडून कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. उन्हाळ्यात बरगे, म्हणजे आडव्या फळ्या घालून पाणी अडवलेलं असतं, वरून दुचाकी-चारचाकी जाते, नकाशा तोच जवळचा रस्ता म्हणून दाखवतो. पावसाळ्यात हे बंधारे सगळ्यात आधी पाण्याखाली जातात. जूननंतर बंधाऱ्यावरून जाणारी वाट निवडूच नका, दहा किलोमीटर लांबून मोठ्या पुलावरून या.

घाटात धुकं उतरलं तर दिवे खाली करा. वरचा झोत धुक्यावर आपटून डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही कुठं वळताय ते कळत नाही. डोंगराच्या कडेला चिखलाचे ताजे ओघळ, रस्त्यावर सुटे दगड, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालेलं दिसलं तर ती दरड सुटायची लक्षणं आहेत. फोटोसाठी तिथं थांबायचं नाही.

हिवाळी अवकाळीत धोका वेगळा. गळीत हंगाम चालू असतो. उसाचे ट्रॅक्टर रानातून रस्त्यावर येताना चाकांबरोबर काळा चिखल आणतात, त्यावर सर पडली की डांबर साबणासारखं होतं. त्यात अंधारात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या. अवकाळी पडलेल्या संध्याकाळी सहानंतर मी हायवे सोडून आतल्या रस्त्यावर गाडी चालवत नाही. त्या रात्री लॉजवर राहिलेले पैसे मला कधीच जड झाले नाहीत.

७. तंबू उभा आहे आणि आभाळ भरून आलं

हा भाग मनावर घेऊन वाचा. मेच्या शेवटच्या आठवड्यात पन्हाळा तालुक्यात एका जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, मालकाच्या परवानगीनं, आम्ही चार तंबू लावले होते. कातळात खुंट्या शिरत नव्हत्या, म्हणून ताणदोऱ्या दगडांना बांधल्या. साडेचारला पश्चिम काळी झाली. वारा थांबला. पाखरं गप्प झाली. आम्ही भजी तळत होतो. "एवढा घाणा होऊ दे" म्हणून थांबलो आणि तेवढ्यात पहिली वावटळ आली. दगड बांधलेला तंबू दगडासकट सरकला. दुसऱ्याची काठी मोडून कापडातून बाहेर आली. कातळावर पाणी मुरत नाही, ते तळव्याएवढं उंच होऊन चादरीसारखं वाहत सुटलं. गॅसची शेगडी पेटलेली होती. पोरं आधीच गाडीत होती म्हणून निभावलं. त्या घाण्यासाठी थांबायला नको होतं, हे मी आजही सगळ्यांना सांगतो.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. वारा पडला आणि पश्चिम काळी दिसली की आधी शेगडी बंद. मग पोरं आणि वडीलधारी गाडीत, काचा वर. मग कपडे आणि अंथरूण गाडीत. तंबू शेवटी : काठ्या काढून कापड जमिनीवर आडवं करा, वर जड सामान ठेवा. उभा तंबू वाचवायची धडपड करू नका. कापड परत मिळतं.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा बाहेर थांबायचं नाही. पक्क्या छताची गाडी सुरक्षित, कारण वीज पत्र्यातून जमिनीत जाते. आतल्या धातूला हात लावू नका. तंबू, एकटं झाड, मोकळं पठार, तळ्याचा काठ हे सगळं असुरक्षित. मसाई पठारासारख्या उघड्या जागी तर तुम्हीच सगळ्यात उंच असता. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास गाडीतच बसा. 'दामिनी' हे ॲप मोबाईलवर घालून ठेवा, जवळपास वीज पडत असल्याची सूचना त्यात मिळते.

८. गाडीत कायम ठेवायची पिशवी

बेत बदलणं सोपं व्हावं म्हणून ही पिशवी. प्रत्येकाचा कोरड्या कपड्यांचा एक जोड, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. दोन ताडपत्र्या, वीस मीटर दोरी, बॅटरी. औषधं ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्तीची. रोख पैसे, कारण रेंज गेली की क्यूआर कोडचा उपयोग नसतो. निघताना टाकी भरलेली. खायला भडंग, गूळ-शेंगदाणे, चपात्या. एका कागदावर नंबर : ११२ आपत्कालीन, १०८ रुग्णवाहिका, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, १०३३ राष्ट्रीय महामार्ग. घरी राहिलेल्या एका माणसाला तिन्ही बेत आणि माघारीची वेळ सांगून ठेवा. बेत बदलला की पहिला फोन त्याला, रेंज असतानाच.

९. परत आल्यावर

ओला तंबू गुंडाळून माळ्यावर टाकू नका, दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके धरतात आणि ते जात नाहीत. बाहेर पाऊस असेल तर जिन्यात दोरी बांधून वाळवा, शिवणींवरून हात फिरवून ओल राहिलेली नाही ना ते बघा. खुंट्या मोजा, मोडलेली काठी लगेच दुरुस्तीला द्या. आणि पोरं अजून जागी आहेत तोवर कॅम्पवाल्याला फोन लावून पुढची तारीख त्यांच्यासमोरच पक्की करा.